एक गोळी, अनेक अंतरे : शिकारी रायफलीच्या गोळीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा युद्धांच्या अनुषंगाने लिहिला जातो. शिकारी रायफलीचा इतिहास मात्र साहसकथा व आठवणी यांपुरता मर्यादित राहिला. वास्तविक, जवळचे आणि दूरचे जनावर एकाच गोळीने सारख्याच खात्रीने मारता येईल काय, हा प्रश्न शिकारी व बंदूक-कारागीर यांना दीडशेहून अधिक वर्षे पडलेला आहे. या प्रश्नात केवळ नेमबाजीचे कौशल्य गुंतलेले नाही. गोळी लागूनही न मेलेले जनावर यातना भोगत राहते आणि क्वचित माणसांच्या जिवावर उठते. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी मारलेली चंपावतची वाघीण हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिने ४३६ बळी घेतल्याचे कॉर्बेट नमूद करतात. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते आणि त्यामुळेच नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘सर्व अंतरांना चालणारी गोळी’ ही कल्पना कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सपाट मार्गाचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाचे स्वरूप मुख्यतः अंतराच्या अंदाजाचे होते. त्या काळी लांबट गोळीच्या रायफलीत दारू बेताची भरली जाई. त्यामुळे गोळीचा मार्ग कमानीसारखा होई आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम वर किंवा खाली जाई. मध्य प्रांतात अधिकारी असलेल्या जेम्स फोरसाइथ यांनी १८६३ मध्ये शिकारी रायफलीवरील आपल्या ग्रंथात याला वेगळे उत्तर सुचविले. नळीतील आटे कमी पिळाचे ठेवावेत, दारू भरपूर भरावी व गोळी गोल असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंगलातील नेहमीच्या अंतरात अशी गोळी जवळजवळ सरळ जाई. पण गोल आकारामुळे तिचा वेग हवेत लवकर ओसरे.

इंग्लंडमध्ये जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये आपल्या रायफलीला वेगवान आगगाडीवरून ‘एक्सप्रेस’ हे नाव दिले होते. पुढे या नावाने ओळखल्या गेलेल्या रायफलींत हलकी, पुढून पोकळ गोळी आणि दारूचा मोठा भार अशी रचना रूढ झाली. मार्ग सपाट झाला. परंतु जवळून मारल्यास पोकळ गोळी मोठ्या जनावराच्या स्नायूंतच फुटे व आतील मर्मस्थानापर्यंत पोहोचत नसे. सॅम्युअल बेकर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकळ गोळीला विरोध करून वाघासारख्या जनावरासाठी भरीव, मऊ शिशाच्या गोळीचा पुरस्कार केला. मार्गाची अडचण दूर होताच गोळीच्या घडणीची अडचण पुढे आली, असे येथे दिसून येते.

वेगाची क्रांती आणि डमडम

१८८२ च्या सुमारास एदुआर्द रुबिन यांनी तांब्याच्या आवरणाची गोळी तयार केली. १८८४ मध्ये पॉल व्हिए यांनी धूरविरहित दारू शोधली. या दोहोंमुळे बारीक व अतिवेगवान गोळी शक्य झाली. मात्र पूर्ण आवरणाची गोळी शरीरात न पसरता आरपार जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ३०३ रायफलीबाबत ब्रिटिश सैन्यातून अशीच तक्रार आली. त्यानंतर कलकत्त्याजवळील डमडम येथील काडतूस कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली.

या गोळीविरुद्ध युरोपात जे वैद्यकीय पुरावे मांडले गेले, त्यांत ट्युबिंगेनचे शल्यविशारद पॉल फॉन ब्रुन्स यांचे प्रयोग महत्त्वाचे होते. परंतु ते प्रयोग डमडमच्या नव्हे, तर शिसे अधिक उघडे असलेल्या शिकारी गोळ्यांवर झाले होते, असा आक्षेप ब्रिटिशांनी घेतला. अखेर २९ जुलै १८९९ च्या हेग घोषणापत्राने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. ब्रिटनने ही घोषणा १९०७ मध्ये मान्य केली. शिकारीत मात्र तीच रचना इष्ट मानली गेली, कारण तेथे जनावर जखमी न होता त्वरित मरावे हा हेतू होता. एकच गुणधर्म माणसाबाबत क्रौर्य व जनावराबाबत दया ठरला, ही या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय.

नोस्लर यांची दुभागी गोळी

जर्मन सैन्याने १९०५ मध्ये आणि अमेरिकेने १९०६ मध्ये टोकदार गोळी स्वीकारली. तिचा वेग दूरवर टिकत असल्याने शिकारीचे अंतरही वाढले. आजच्या ३०-०६ काडतुसातील १८० ग्रेनची टोकदार गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. ४०० यार्डांवर तो वेग सुमारे ६०० मीटरवर येतो आणि ऊर्जा जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक उरते. म्हणजे एकाच गोळीला दोन भिन्न परिस्थितींत काम करावे लागते. मऊ गोळी जवळून फुटते, तर कठीण गोळी दुरून पसरत नाही.

अमेरिकन शिकारी जॉन नोस्लर यांना १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात याचाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूसवर त्यांनी मॅग्नम रायफलीतून गोळ्या झाडल्या; त्या पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यावर त्यांनी तांब्याच्या आवरणातच मधोमध आडवी भिंत ठेवून गोळीचे दोन कप्पे केले. पुढचे शिसे कमी वेगातही पसरते. मागचे शिसे भिंतीमुळे अखंड राहून आत शिरते. जर्मनीतील एच-मँटेल गोळीत अशी कल्पना आधीच आली होती. परंतु १९४८ मध्ये नोस्लर यांनी सुरू केलेल्या उत्पादनामुळे ती सर्वदूर पोहोचली. फोरसाइथ यांनी अंतराचे उत्तर गोळीच्या मार्गात शोधले होते. नोस्लर यांनी ते तिच्या अंतर्रचनेत शोधले.

शिशाचा प्रश्न

गोळी फुटल्याने होणाऱ्या परिणामांची व्याप्ती पुढे अधिक स्पष्ट झाली. जनावराच्या अवशेषांत राहिलेले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातील कॉन्डॉर गिधाडांना विषबाधा होत असल्याचे आढळले. तेथे २०१३ मध्ये कायदा संमत झाला व १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आली. १९८० च्या दशकाअखेर बाजारात आलेल्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांचे महत्त्व त्यामुळे वाढले. या गोळ्या सहसा तुकडे न होता पसरतात. मात्र पसरण्यासाठी त्यांना पुरेसा वेग लागतो. अंतराची मर्यादा त्यामुळे पुन्हा विचारात घ्यावी लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सर्व अंतरांना पूर्णतः योग्य अशी गोळी निर्माण झाली नाही; प्रत्येक पिढीने केवळ तडजोडीची जागा बदलली. प्रारंभी नेम चुकू नये हा निकष होता, नंतर गोळी खोल जावी हा, आणि अलीकडे तिने मागे विष ठेवू नये हा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे युग संपले. तथापि नरभक्षक ठरलेल्या प्राण्यास कायद्याच्या चौकटीत मारण्याची वेळ आजही येऊ शकते. अशा वेळी अंतर व गोळी यांची चुकीची जुळणी झाल्यास जखमी प्राण्याच्या वेदनेची आणि परिसरातील गावकऱ्यांच्या सुरक्षिततेची किंमत मोजावी लागते. म्हणून मर्यादेबाहेरच्या अंतरावर गोळी न झाडणे हाही गोळीच्या निवडीचाच भाग मानावा लागेल.