'पानशेतचा पूर' म्हणताना

दरवर्षी १२ जुलै जवळ आला की 'पानशेतचा पूर' म्हणून जुने फोटो फिरायला लागतात. लकडी पूल, पडलेले वाडे, चिखल. मी पुण्याचाच, या गोष्टी ऐकतच मोठा झालो. पण मला या 'पूर' शब्दापाशीच थांबावंसं वाटतं. पूर म्हटला की पाऊस पडला, नदी फुगली, कुणाचा दोष नाही. १९६१ साली पाऊस जोरदार होता हे खरंच, पण धरण अजून पुरं झालेलं नव्हतं आणि तरीही त्यात पाणी अडवलेलं होतं. हा निसर्गाचा नाही, माणसांचा निर्णय.

दुसरी समजूत याच्या अगदी उलट टोकाची: 'सिमेंट खाल्लं, म्हणून फुटलं.' अहो, पानशेत मातीचं धरण! अडचण होती ती भरावाखालून पाणी सोडणाऱ्या मोरीत. तिला लोखंडी सळ्यांचं बळ नव्हतं आणि दरवाजाचं कामही अर्धवट होतं. मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं, नाहीतर किती माणसं झोपेतच गेली असती कोण जाणे. मग खडकवासलाही फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं. पुढे न्या. नाईक आयोग नेमला गेला, पण घराघरात 'सिमेंट खाल्लं' हेच टिकलं. एक चोर सापडला की पुढचे प्रश्न विचारायला लागत नाहीत ना! उदाहरणार्थ, काम अपुरं असताना पाणी अडवायची घाई कशासाठी? हे पाणी हवं कुणाला होतं? कालव्याखालच्या शेतीला, आणि आपल्या पुण्याला.

आता तिसरी गोष्ट, जी आम्हा पुणेकरांना सर्वात जड जाते. या कहाणीत सोसणारे फक्त आपणच, असं आपण धरून चालतो. पण पानशेत हे वेल्ह्यातल्या एका गावाचं नाव आहे. आंबी नदीच्या त्या खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी धरणाने घेतल्या. धरण फुटलं, पुन्हा बांधलं, आणि तानाजीसागराचं पाणी आज आपल्या नळाला येतं. शहरातल्या पूरग्रस्तांच्या वसाहती कुठे झाल्या ते इथे कुणीही सांगेल.

तानाजीसागराखाली गेलेल्या गावांपैकी पानशेत सोडून एकाचं तरी नाव तुम्हाला येतं का? कमेंटमध्ये लिहा. गुगल न करता.