वाहून गेलेल्या मातीचा हिशेब

पावसाळ्यात मांडवी-झुवारीचे पाणी तांबडे झाले की डोंगरावरची माती निघाली, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. खरा प्रश्न असतो तो किती निघाली हा. त्याचे उत्तर आकड्यांत देण्यासाठी माणसाला कशा खटपटी कराव्या लागल्या, ती कथा मला एखाद्या राजघराण्याच्या इतिहासाइतकीच रंजक वाटते.

घळ पडली तर ती डोळ्यांना दिसते. पण सालकाढी धूप दिसत नाही, कारण पाऊस सगळ्या शेतावरून मातीचा पातळ थर सारखाच सोलून नेतो. १९०५ साली अमेरिकेत व्हर्जिनियात मातीची पाहणी करताना ह्यू हॅमंड बेनेट यांना शेजारी शेजारी दोन जमिनी दिसल्या. जंगलाखालची भुसभुशीत, तर नांगराखालची कडक. मूळ माती एकच, मात्र एकीचा वरचा थर गेलेला. पुढे याच बेनेटनी धुपीविरुद्ध सारा देश जागा केला.

मोजणीला त्याआधीच सुरुवात झाली होती. जर्मनीत एवाल्ट वोल्नी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छोट्या वाफ्यांवर पाऊस, उतार आणि गवताचे आच्छादन यांचा परिणाम तपासला. १९१७ मध्ये मिसुरी विद्यापीठात उतारावर वाफे आखले गेले. पद्धत सोपी होती. चहूबाजूंनी कडा, खाली टाकी. पाऊस पडला की टाकीतले पाणी मोजायचे, गाळ वाळवून तोलायचा. १९२९ नंतर अमेरिकेत अशी दहा केंद्रे उभी राहिली. ७२.६ फूट लांब व ६ फूट रुंद हे माप पुढे रूढ झाले. एकराचा बरोबर शंभरावा भाग, म्हणजे हिशेब सोपा!

पावसाचा थेंब मोजायची युक्ती तर खास घरगुती होती. पिठाने भरलेले ताट क्षणभर पावसात धरायचे, थेंबांच्या झालेल्या गोळ्या भट्टीत भाजायच्या आणि चाळायच्या. १९४३ साली लॉज आणि पार्सन्स यांनी थेंबांची मापे काढली ती अशी.

आपल्याकडेही हे काम चालू होते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात शेतातून वाहणारे पाणी आणि माती मोजली गेली. ना. वि. कानिटकरांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ साली आला.

१९५४ पासून पर्ड्यू विद्यापीठात अमेरिकेतल्या सगळ्या वाफ्यांच्या नोंदी एकत्र झाल्या. एक वाफा एक वर्ष मोजला की एक नोंद, अशा दहा हजारांहून अधिक. त्यांतून विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचे आकडे घ्यायचे आणि गुणाकार करायचा.

नकाशांची गोष्टही अशीच बदलत गेली. १९३४ साली अमेरिकेतले पाहणी करणारे गावोगाव फिरून वरच्या थराचा किती भाग गेला याचा अदमास घेत आणि नकाशा रंगवत. नंतर उपग्रह आले, संगणक आले. आता डोंगराचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी तोच गुणाकार होतो आणि नकाशा लाल-पिवळा होऊन बाहेर येतो.

इथेच आपण थोडे थांबावे असे मला वाटते. त्या वाफ्यांचे उतार साधारण ३ ते १८ टक्क्यांचे होते. सत्तरीचे डोंगर आणि आपला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा, चार महिन्यांत कोसळणारा पाऊस त्या वहीत नाही. हे समीकरण घळींतली माती मोजत नाही आणि खाली साचलेली माती वजा करत नाही. मोरडावरून सुटलेली माती खालच्या शेताच्या मेरेला अडली तर ती हरवली म्हणायची का? समीकरणाच्या गैरवापराबद्दल खुद्द विशमायर यांनी १९७६ मध्ये एक लेख लिहिला होता.

भारतातली वर्षाला ५३३ कोटी टन माती धुपते, हा १९८३चा अंदाज (हेक्टरी १६.४ टन) भाषणांत आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच अंदाजाचा दुसरा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के फक्त जागा बदलते. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. हेक्टरी १६ टन म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर. डोळ्याला न जाणवणारा, पण पन्नास वर्षांत सहा सेंटिमीटर नेणारा.

म्हणून गोव्याचा धुपीचा नकाशा समोर आला की रंगापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: यासाठी गोव्यातल्या कुठल्या उतारावर, किती पावसाळे टाकी ठेवून माती तोलली होती? उत्तर मिळाले तर तो नकाशा आपल्या डोंगराचा. नाही मिळाले, तर तो दूरच्या वाफ्यांवरून बांधलेला अंदाज. त्याचा उपयोग आहेच, पण डोंगर कापायचा की राखायचा हे एवढ्यावरून ठरवू नये.