यूरो रूपांतर-दर

यूरोपीय संघातील सदस्य-देशांच्या जुन्या चलनांतील रकमा यूरोमध्ये मांडण्यासाठी कायमचे ठरविलेले दर म्हणजे यूरो रूपांतर-दर होत. या दरांनी आकडेमोड कशी करावी, हेही कायद्याने सांगावे लागले, ही चलनाच्या इतिहासातील विरळा घटना होय. ठेवी, कर्जे व निवृत्तिवेतने यांचे आकडे बदलावयाचे होते आणि बदलणारे हात बहुतांशी संगणकांचे होते.

१७ जून १९९७ च्या विनियमानुसार एका यूरोचे मूल्य राष्ट्रीय चलनात सहा सार्थ अंकांनी द्यावयाचे होते. त्यातील अंक कमी करण्यास आणि व्यस्त दर वापरण्यास मनाई होती. ही दुसरी मनाई प्रथमदर्शनी अनावश्यक वाटते. जर्मन मार्कचा दर १.९५५८३ ठरला. एक कोटी मार्कांस त्याने भागल्यास ५१,१२,९१८.८१ यूरो येतात, सहा अंकी व्यस्त दराने (०.५११२९२) गुणल्यास मात्र ५१,१२,९२०. फरक १ यूरो १९ सेंटांचा. परंतु दोन बँकांनी दोन रीती वापरल्या, तर त्यांची खाती कधीच जुळणार नाहीत.

दोन राष्ट्रीय चलनांमधील रूपांतरही थेट न करता प्रथम यूरोत, किमान तीन दशांश स्थळांपर्यंत, व मग दुसऱ्या चलनात करावयाचे होते. देय रक्कम जवळच्या सेंटपर्यंत आणावी आणि नेमका अर्धा सेंट आल्यास वरचा सेंट धरावा, असा नियम होता. तरीही एक अडचण उरलीच. इटलीच्या १,००० लीरांचे (दर १९३६.२७) ०.५२ यूरो होतात. ते पुन्हा लीरांत आणल्यास १,००७ भरतात. म्हणून मूळ रक्कम पुसून केवळ रूपांतरित रक्कम ठेवणारी आज्ञावली सदोषच म्हटली पाहिजे.

जुन्या ‘एकू’ या हिशेबी एककाइतकेच यूरोचे मूल्य राहावयाचे होते आणि एकूमध्ये यूरोत न आलेल्या ब्रिटिश पौंडाचाही अंश होता. त्यामुळे अंतिम दर ३१ डिसेंबर १९९८ पूर्वी सांगताच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी ११ देशांत यूरो अस्तित्वात आला. बाजार सोमवारी, ४ जानेवारी १९९९ रोजी उघडले. बँकांच्या संगणक-विभागांना मधले तेवढेच दिवस मिळाले. नाणी व नोटा २००२ मध्ये आल्या.

बल्गेरियाच्या लेव्हसाठी २०२५ मध्ये ठरलेला दरही १.९५५८३ हाच आहे. लेव्ह १९९७ पासून मार्कशी बांधलेले होते आणि १९९९ मधील पुनर्मूल्यांकनानंतर एक लेव्ह एका मार्कबरोबर झाले होते.