कानाडोळा आणि आंधळा डोळा

'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे आंधळा डोळा पुढें करणें, हा इंग्रजी वाक्प्रचार प्रसिद्ध आहे. दिसत असून न दिसल्यासें करणें, हा त्याचा व्यवहारांतील अर्थ. मराठींत यालाच कानाडोळा म्हणतात. या इंग्रजी वाक्प्रचाराचा संबंध लोक नेल्सन या आरमारी सेनानीशीं जोडतात.

१७९४ सालीं कॉर्सिका बेटांतील काल्वीच्या वेढ्यांत नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. पुढें २ एप्रिल १८०१ रोजीं कोपनहेगनजवळ डॅनिश आरमाराशीं तो झुंजत होता. त्याचीं तीन जहाजें उथळ पाण्यांत रुतलीं होतीं. दूर असलेल्या सरसेनापति हाइड पार्करनें लढाई थांबविण्याचा निशाणांचा इशारा केला. तेव्हां नेल्सननें दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि इशारा दिसतच नाहीं असें सांगितलें, अशी कथा आहे. तींत मागाहून रंग भरला असेलहि. परंतु नेल्सन लढत राहिला, हें खरें. इशारा मानून जहाज माघारीं वळविणारा कप्तान रिऊ मात्र तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. पुढच्याच महिन्यांत पार्करच्या जागीं नेल्सनची नेमणूक झाली.

विजय मिळाला म्हणून ती आज्ञाभंगाची गोष्ट शौर्याची ठरली. पराभव होता तर तिचा जाब नेल्सनलाच द्यावा लागता. आज मात्र अन्याय पाहून गप्प बसणाऱ्यास हा वाक्प्रचार लावतात. नेल्सननें आंधळा डोळा पुढें करून जबाबदारी अंगावर घेतली. कानाडोळा करणारा ती टाळावी म्हणूनच धडधाकट डोळा मिटतो.