देठासकट फूल

वऱ्हाडात फूल म्हटले की हार डोळ्यांपुढे येतो. अमरावतीची अंबादेवी असो वा अकोल्याचा राजराजेश्वर, देवळाबाहेर फूल विकले जाते ते देठ खुडून, दोऱ्यात ओवून. आमच्या ख्रिस्तमंदिरात मात्र निशिगंधाची किंवा ग्लॅडिओलसची उंच दांडी देठासकट पाण्यात उभी असते. ‘तुमची पद्धत साहेबी’ असे स्नेही सहज बोलून जातात, आणि आपल्यापैकी अनेकांनाही मनातून तसेच वाटते. अशा लहानसहान गोष्टींतूनच परकेपणाची भावना घर करते. म्हणून या फुलदाणीची कुळकथा तपासणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम ख्रिस्तसभेची परंपरा पाहू. इ. स. ३९६ च्या सुमारास संत जेरोम यांनी नेपोशियन या दिवंगत तरुण धर्मगुरूंविषयी एक पत्र लिहिले. हुतात्म्यांची स्मृतिस्थाने ते फुलांनी, डहाळ्यांनी व द्राक्षवेलींनी सजवीत, अशी प्रशंसा त्यात आहे. १६०० साली पोप आठवे क्लेमेंट यांच्या आज्ञेने निघालेल्या बिशपांच्या विधिग्रंथात वेदीवर फुलांची लहान पात्रे ठेवण्याचा उल्लेख येतो. फुले खरी वा रेशमी, दोन्ही चालत.

पण पाण्याच्या पात्रात फूल उभे करणे ही केवळ युरोपची रीत नव्हे. सांचीच्या शिल्पांत पूर्णघटातून कमळे देठांसह वर आलेली दिसतात. वऱ्हाडातील घरोघरी मंगलकलशात आम्रपल्लव असतात, तेही देठासकटच. खुद्द ‘फुलदाणी’ या शब्दात फूल आपले आणि ‘दाणी’ फारसीतील ‘दान’, म्हणजे पात्र. निशिगंधाच्या ‘गुलछडी’ या नावातील ‘गुल’ही फारसीच. १४९० ते १५७४ या काळात अचलपूर ज्यांची राजधानी होते, त्या इमादशाहीच्या वऱ्हाडाला ही भाषा काही परकी नव्हती.

आता फुलांचे कूळ पाहू. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोक त्याच्या शुभ्रतेवरून त्याला ‘हाडाचे फूल’ म्हणत. सोळाव्या शतकात तो समुद्रापार युरोपात गेला. म्हणजे ‘साहेबा’च्या घरीही तो पाहुणाच! ग्लॅडिओलसचे पुष्कळसे पूर्वज दक्षिण आफ्रिकेतले. त्यांच्या संकरातून १८४१ च्या सुमारास बेल्जियमच्या गेंट शहरातून एक प्रसिद्ध जात बाहेर पडली. आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू? तोही मेक्सिकोचाच. हाराचे फूल देशी व फुलदाणीचे विदेशी, हा भेद इतिहासापुढे टिकत नाही.

या पाहुण्यांना आपलेसे केले ते येथील मातीने आणि शेतकऱ्याच्या श्रमांनी. वऱ्हाडची काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यात कंद कुजतो; म्हणून तो वरंब्यावर लावावा लागतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. नाताळला ग्लॅडिओलस हवा तर कंद सप्टेंबरअखेर जमिनीत जावा लागतो. निशिगंधाची एकेरी फुले बहुधा हाराकडे जातात, दुहेरी फुलांच्या दांड्या फुलदाणीकडे. हारासाठी फूल एकेक वेचतात. फुलदाणीसाठी खालची एकदोन फुले उमलताच सबंध दांडी कापतात. एकाच शेतकऱ्याच्या हातून दोन्ही कामे होतात. त्याला हा भेद ठाऊक नाही.

अमरावती धर्मप्रांताची स्थापना ८ मे १९५५ रोजी झाली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, २५ एप्रिल १९६९ रोजी, भारतीय उपासनेतील काही रीतींना रोमने मान्यता दिली. त्यांत फुलांची आरतीही होती. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव ते आज अभिमानाने मिरवते. हार मंदिरात आला म्हणून फुलदाणी बाहेर गेली नाही. दोघी शेजारी नांदू लागल्या.

आता प्रश्न देशी-विदेशीचा उरलेला नाही. तो खऱ्या-खोट्याचा आहे. प्लॅस्टिकची फुले स्वस्त, टिकाऊ. धूळ झटकली की झाले. रेशमी फुलांना जुन्या विधिग्रंथाचीही मुभा होती, हे आम्ही वर सांगितलेच. तरीही उपवासकाळात वेदी फुलांवाचून ठेवण्याचा नियम आहे, तो आठवावा. ज्या फुलांना कोमेजणे माहीत नाही, त्यांच्या असण्याचे अप्रूप वाटत नाही आणि नसण्याने मनात पोकळीही होत नाही. खरी दांडी मात्र काळजी मागते : देठ तिरपा कापा, पाण्यात बुडणारी पाने काढा, रोज पाणी बदला. अकोल्याच्या उन्हाळ्यात पुनरुत्थानाच्या सणाला तर दुपारीही एकदा डोकवावे लागते. त्या तांब्याभर पाण्यासाठी कोणीतरी मंदिरात येतो, घटकाभर थांबतो. ही वर्दळ बंद पडू नये, एवढेच आमचे मागणे.