पानिपतचे कैदी आणि पात्रवाटप

शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐतिहासिक देखावा म्हटला की विषय ठरलेले असतात. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, फार तर पावनखिंड. यंदा नववीच्या मुलांनी पानिपत मागितलं. मी होकार दिला, पण लढाई दाखवायची नाही या अटीवर. १४ जानेवारी १७६१ ला सूर्य मावळल्यावर जे जिवंत उरले आणि पळू शकले नाहीत, त्यांचं पुढे काय झालं तेवढंच दाखवायचं.

अटीला कारण होतं. लढाई दाखवायची तर दोन बाजू लागतात, आणि हिंगणघाटसारख्या गावातल्या मिश्र वर्गात त्या बाजू कशा पडणार हे मुलांना आपोआप कळतं. विषय निघताच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आम्ही अब्दालीकडून ना?" विचारणारा हसत होता. वर्गातलं दुसरं कुणी हसलं नाही.

आपल्याकडे पानिपत हा शब्द इतका रुळला आहे की गणितात नापास झालेला मुलगाही "माझं पानिपत झालं" म्हणतो. पण त्यात कैदी कुठेच नसतात. पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत ज्या सावकारी पत्रातून कळली, ते पत्र प्रसिद्ध आहे. भाऊसाहेब आणि विश्वासराव ही मोत्यं, सरदार म्हणजे मोहरा, आणि बाकीचं सैन्य म्हणजे सुटी नाणी. जे मेले त्यांचा हा हिशेब. जे दोरीला बांधून नेले गेले, ते सुट्या नाण्यांतही नाहीत. आमच्या भागात तर घराघरांत सांगितली जाणारी आठवणही नाही, कारण हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा आणि त्यांची फौज त्या मैदानात नव्हती. जे आहे ते पुस्तकांतलं.

पुस्तकांत मात्र बरंच आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित त्या दिवशी छावणीत होता. माणूस दक्षिणी ब्राह्मण, नोकरी अवधच्या नवाबाची, आणि १७८० साली त्याने आपली हकीकत लिहिली ती फारसीत. हे एवढं सांगितलं तरी निम्मा धडा होतो असं मला वाटतं. इतर फारसी नोंदींत वर्णन येतं ते असं: कैद्यांच्या लांब रांगा केल्या, थोडे भाजलेले दाणे आणि पाणी दिलं, मग पुरुषांची डोकी उडवली. बायका-मुलांना गुलाम म्हणून हाकत नेलं. त्यांचा बावीस हजार हा आकडा सगळीकडे छापलेला सापडतो.

तो भाग कसा दाखवायचा यावर आमचे दोन दिवस गेले. लाकडी तलवारी मी बाहेरच ठेवायला लावल्या. मुलांच्या हाताला दोरी बांधायची नाही हेही ठरवलं. शेवटी एवढंच ठेवलं की रांगेतल्या प्रत्येकाच्या ओंजळीत मूठभर फुटाणे पडतात आणि तो ते खात नाही. तालमीत पोरं ते खाऊन टाकत, हा भाग वेगळा.

कैद्यांची यादी करायला बसलो तेव्हा वर्गाचं ऐकणं बदललं. पहिलं नाव इब्राहिमखान गारदी. आधी तो निजामाच्या नोकरीत होता, मग मराठ्यांच्या नोकरीत आला आणि उदगीरच्या लढाईत मराठ्यांकडून निजामाविरुद्ध लढला. पानिपतावर तोफखाना आणि कवायती पायदळ त्याच्याकडे होतं. तो जखमी अवस्थेत सापडला. शुजाने त्याला लपवून वाचवायचा प्रयत्न केला. अब्दालीने त्याला मागून घेतलं आणि तो कैदेतच मेला. मुसलमान असून काफरांसाठी का लढलास, हा त्याच्यावरचा ठपका. दुसरा जनकोजी शिंदे, कोवळ्या वयाचा. त्याच्या सुटकेसाठी खंडणीची बोलणी गुपचूप चालली होती आणि त्यात काशीराज पंडित स्वतः होता. बातमी फुटायच्या भीतीने ज्याच्या ताब्यात तो होता त्यानेच त्याला मारून टाकलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर जखमी होऊन निसटला खरा, पण सूरजमल जाटाच्या मुलखात पोचून तिथेच गेला.

मग वाचवणारे. शुजाच्या छावणीत शिरलेल्या हजारो मराठ्यांना त्याच्या माणसांनी सुखरूप सूरजमलच्या हद्दीपर्यंत पोचवलं, आणि शुजा तर अब्दालीच्या बाजूने लढायला आलेला. पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना बैलावर घालून बाहेर काढलं ते राणेखान नावाच्या भिश्त्याने. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं. १७८८ साली गुलाम कादिराविरुद्धच्या दिल्लीच्या मोहिमेत शिंद्यांच्या फौजेचा सेनापती हाच राणेखान होता. पखाल वाहणारा सेनापती झाला हे वर्गाला इब्राहिमखानापेक्षा जास्त आवडलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळ तरी मिळायला हवी, असं माझं मत आहे.

एव्हाना "आमच्याकडून कोण, तुमच्याकडून कोण" हा प्रश्न वर्गात उरला नव्हता, पण घरून आला. एक पालक म्हणाले, मराठ्यांना गुलाम दाखवून मान खाली घालायला लावता का? दुसऱ्यांचं म्हणणं, आपल्या मुलांच्या वाट्याला पुन्हा टोमणे येतील, विषयच सोडा. दोघांचीही काळजी मला खोटी वाटली नाही. मी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे पात्र निघेल ते त्याचं. राणेखान निघाला एका कुणब्याच्या मुलाला, आणि रांगेतली मराठा बाई आमच्या उर्दूच्या वर्गातल्या मुलीला. तिने आईची नऊवारी नसल्यामुळे शेजारच्या काकूंकडून आणली. काकू नेसवायला स्वतः आल्या.

रांग पुढे कुठे जाते, हा सगळ्यात अवघड भाग. नकाशा काढला. अब्दाली १७६१ च्या वसंतात परत फिरला तो पंजाबातून. तिथे नद्यांच्या उतारांवर शिखांच्या जथ्यांनी त्याच्या लवाजम्यावर छापे घातले आणि कैदेतल्या बायका सोडवल्या. जस्सासिंग अहलुवालियांना शीख परंपरेत 'बंदीछोड' म्हणतात. (इथे वर्गात वाद झाला की बंदी हा शब्द उर्दू की मराठी. संस्कृतात बंध आहे आणि फारसीत बंद, दोन्ही एकाच मुळाची. वाद तिथेच मिटला.)

उरलेली रांग सरहद्दीपलीकडे गेली. कलातच्या मीर नसीरखानाशी अब्दालीचा १७५८ चा तह होता. लढाईच्या वेळी कलातने फौज द्यायची आणि खर्च अब्दालीने सोसायचा. बलुचिस्तानातली तोंडी परंपरा सांगते की पैशांऐवजी कैदी दिले गेले, आणि ते मर्री-बुगटी टोळ्यांत वाटले गेले. पानिपत आणि डेरा बुगटी नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर. मुलांनी मैदानावर चुन्याने ती रेष आखली. रांग त्या रेषेवरून चालते, वाटेत निम्मी मुलं शिखांकडे सुटतात, उरलेली टोकाला पोचतात.

त्या टोकाला आज जे राहतात ते स्वतःला मराठा म्हणवतात. बुगटी मराठा, त्यांच्यात शाहू मराठा नावाची शाखा. कित्येक पिढ्या त्यांनी टोळीतल्या सरदारांची गुलामी केली. बोली बलुची झाली, धर्म इस्लाम. लग्नातली हळद आणि उपरण्याची गाठ मात्र त्यांच्यात टिकून असल्याचं सांगतात. इकडे आल्या-गेल्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: शाहू मराठ्यांत आईला अजून आईच म्हणतात.

तर शेवटच्या प्रवेशात रेषेच्या टोकाला एक बाई उभी आहे आणि तिच्याकडे एक लहान मुलगी धावत येते. बलुची आम्हाला कुणालाच येत नाही, त्यामुळे त्या मुलीला एकच शब्द दिला आहे. पाचवीतली आहे, तालमीत दर वेळी "अम्मी" म्हणते. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.