मालवणात स्नॉर्कलिंगला जाताय? आधी कॅलेंडरवरची तिथी बघा

सुट्टी लागली की कणकवली, कुडाळ, वैभववाडीकडच्या घरांत घाटावरचे पाहुणे उतरतात आणि चहा व्हायच्या आत विचारतात, मालवणला कधी जायचं? नेणारे आपण. त्यामुळे कुठल्या दिवशी, किती वाजता न्यायचं हेही आपल्यालाच ठाऊक हवं.

मालवण हे जुनं बंदर. मुंबई-गोवा आगबोटी चालायच्या तेव्हा हा एक थांबा होता. समोर खडकच खडक, म्हणून आगबोट बाहेर उभी राहायची आणि माणसं छोट्या होड्यांतून धक्क्यावर यायची. त्याच खडकांवर आज स्नॉर्कलिंग चालतं, कारण त्यांच्या आधाराने पोवळी वाढतात आणि पोवळ्यांच्या आसऱ्याला रंगीत मासे येतात. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

स्नॉर्कलिंग आणि स्कुबा यांत लोक गल्लत करतात. स्कुबात पाठीला हवेची टाकी बांधून खाली नेतात. स्नॉर्कलिंगमध्ये पाण्यावरच पालथं तरंगायचं, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी आणि नजर खाली. लाईफ जॅकेट, रिंग आणि सोबत गाईड असेल तर पोहता न येणाऱ्यालाही जमतं. पैसे देण्याआधी यातलं नेमकं काय मिळणार ते स्पष्ट विचारून घ्या. लहान मुलांना स्नॉर्कलिंगच बरं. सर्दी, कानदुखी, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी स्कुबाच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

आता पाण्याचं बघू. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो, म्हणून पावसानंतर लगेच पाणी गढूळ असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस ते निवळायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. तरी अंदमानसारखं काचेगत पाणी इथे मिळेल या भ्रमात राहू नका. चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसलं तरी पुष्कळ. सकाळी जमिनीवरचा मंद वारा असतो, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा उठतात आणि तळ ढवळतो. म्हणून काय ते दहाच्या आत उरका.

आणि तिथी. शेतीला बघतो तशीच इथेही बघायची. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमा-अमावस्येला अकराच्या पुढे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. तेव्हा स्नॉर्कलिंगला जावं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाणी जोरात धावतं आणि वाळू वर येते.

मग उधाणाच्या दिवशी पाहुणे आलेच तर? तेव्हा रॉक गार्डन गाठा. त्या दिवशी मोठी ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला लागते. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं पोरांना पाण्यात न उतरताच बघायला मिळतात, वर सूर्यास्त. शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा पकड असलेली चप्पल घाला. आमच्या मते लहान पोरांसाठी मालवणात याहून चांगलं काही नाही.

सिंधुदुर्ग किल्ला सगळ्यांना झेपतो. धक्क्यावरून होडीने थोडक्या वेळात पोचता येतं. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूध, दही आणि साखर या विहिरींना गोडं पाणी आहे. वयस्करांना ऊन लागतं, म्हणून सकाळची होडी धरा. डुंबायला चिवला किनारा बरा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर, म्हणजे सुनामी आयलंडवर, पोरं हट्टाने जातात. जा, पण मुखाशी पोहायला उतरू नका. उधाणाच्या दिवशी दुपारी ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकदम बाहेर खेचतं, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

मे अखेरपासून ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असतात. त्याआधीचे शेवटचे आठ-दहा दिवसही जपून. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. होडीत माणसं जास्त वाटली तर पुढची होडी घ्या. जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेलं हवं, मांडीवर ठेवलेलं उपयोगाचं नाही. मुलांना त्यांच्या मापाचं मागा, मोठं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तर पाणी शिरणार नाही.

पोवळ्यांवर पाय ठेवू नका, तुकडा घरी आणू नका. वन्यजीव कायद्यात पोवळ्यांना पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. फोटोसाठी मासे जमावेत म्हणून कोणी पाण्यात पाव-बिस्किटं टाकत असेल तर नको म्हणून सांगा.

कुडाळ स्टेशनवरून मालवण साधारण ३० किलोमीटर. पहाटे निघालात तर आठपर्यंत धक्क्यावर असाल. पाण्यात उतरायच्या आधी पोटभर घावणे-चटणी खाऊ नका, होडीत मळमळतं. जेवण नंतर.